पंडिता रमाबाई आणि अंतःकरणाची तपासणी



प्रायश्चित्तकाळात पापनिवेदनासाठी रांग लागते. त्या रांगेत उभे राहून आपण बहुतेक जण एकच काम करत असतो. मागच्या वेळी काय सांगितले होते ते आठवतो आणि तेच पुन्हा मनात जुळवून ठेवतो. रागावलो, खोटे बोललो, रविवारची मिस्सा चुकवली. यादी खरीच असते. पण ती आपण तयार केलेली असते. देवाला घरातली कोणती खोली दाखवायची आणि कोणत्या खोलीला कुलूप घालायचे, हे आपण आधीच ठरवून आलेलो असतो. हे आम्ही तुम्हांला दोष देण्यासाठी लिहीत नाही. धर्मगुरूलाही पापनिवेदन करावे लागते, आणि आमचीही यादी पुष्कळदा अशीच पाठ झालेली असते.

स्तोत्रसंहितेतील १३९व्या स्तोत्राच्या शेवटी स्तोत्रकर्ता याच्या उलट वागतो. तो यादी वाचून दाखवत नाही. तो देवालाच आत बोलावतो, आपले मन पारखून पाहण्याची विनंती करतो, आणि आपण चुकीच्या वाटेवर असलो तर हात धरून योग्य वाटेने न्यावे असे मागतो. मूळ हिब्रू भाषेत येथे शोधण्यासाठी जे क्रियापद आहे, तेच ईयोबाच्या ग्रंथाच्या २८व्या अध्यायात खाणीच्या अंधारात खोल शोध घेण्यासाठी आले आहे. पारखण्यासाठी जे क्रियापद आहे, ते सोने कसाला लावण्यासाठीही वापरतात. म्हणजे ही वरवरची झाडलोट नव्हे. खणणे आले आणि कसाला लागणेही आले.

अशी विनंती मनापासून करणारी एक मराठी स्त्री आपल्या लोणावळ्यात येऊन गेली आहे. तिचे नाव पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात समाजसुधारक म्हणून त्यांचा धडा आपण वाचलेला असतो. पण लोणावळ्याच्या रानात त्यांनी केलेली प्रार्थना फार थोड्यांना ठाऊक आहे. रमाबाई आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, हे आधीच सांगितलेले बरे. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडच्या अँग्लिकन ख्रिस्तसभेत झाला. तरीही आपल्यापासून वेगळ्या असलेल्या ख्रिस्ती बंधुभगिनींमध्ये पवित्र आत्म्याने जे घडवले ते आनंदाने मान्य करावे आणि त्यापासून शिकावे, हेच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्यावरील आपल्या आदेशात शिकवले आहे.

सोवळ्यात वाढलेली मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातल्याच गंगामूळ येथे झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. स्त्रियांनी संस्कृत शिकणे पाप मानले जात असताना त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. लोकांचा विरोध झाला, म्हणून ते रानात आश्रम बांधून राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या धाकट्या मुलीला, रमेला, शिकवले. मुलीने भागवत पुराण मुखोद्गत केले.

आश्रम मोडल्यावर हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करत फिरले. देवळात पुराण सांगायचे, लोक देतील त्यावर राहायचे, मिळेल त्यातून दानधर्म करायचा. पवित्र नद्यांत स्नाने, उपवास, नवस, सोवळे, यात काही म्हणजे काही उणे नव्हते. मग १८७४ च्या सुमारास दुष्काळाने त्यांना गाठले. जवळचे होते नव्हते ते देवांच्या सेवेत संपले होते. रानातला पाला खाऊन दिवस काढावे लागले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग मोठी बहीणही गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमा. ही दोन भावंडे हजारो मैल पायी चालत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमेची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

या बालपणाकडे आपण तुच्छतेने पाहू नये. त्या आईवडिलांची श्रद्धा प्रामाणिक होती आणि तिची किंमत त्यांनी प्राण देऊन मोजली. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. शुद्धीसाठी इतके सगळे करूनही आता पुरे झाले, आता मी शुद्ध आहे, असे मनाला कधीच वाटत नव्हते. एक व्रत झाले की दुसरे पुढे उभे राही. आपल्यापैकीही काहींची स्थिती अशीच असते. नोव्हेना झाली, माउंटची यात्रा झाली, मेणबत्ती लावली, तरी आत कुठे तरी भीती उरते. बाहेरून किती धुतले याचा हिशेब आपण ठेवतो, पण आत पाहायला कोणाला बोलावत नाही.

१८८० साली श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या वेगळ्या जातीच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या, कडेवर लहान मूल आणि सासरमाहेर कोणतेच नाही. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणासाठी साक्ष दिली.

विहिरीवरची स्त्री

वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन सिस्टरांकडे राहिल्या. त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते, त्यामुळे डॉक्टर होण्याचे स्वप्न सोडावे लागले. पण तेथे त्यांनी वेगळेच काही पाहिले. समाजाने वाईट चालीच्या ठरवलेल्या स्त्रियांची त्या सिस्टर लंडनमध्ये प्रेमाने सेवा करत होत्या. ज्यांच्या सावलीलाही आपल्याकडे कोणी उभे राहिले नसते, त्यांना जवळ बसवत होत्या. हे कोठून येते, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा एका सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय वाचून दाखवला.

तो अध्याय आपणही जाणतो. प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी तो वाचला जातो. भर दुपारी एकटी पाण्याला आलेली शोमरोनी स्त्री. प्रभू येशू तिच्याकडे पाणी मागतात. यहुदी माणसाने शोमरोनी बाईच्या भांड्यातले पाणी मागावे, हाच त्या काळी मोठा विटाळ. मग बोलता बोलता प्रभू तिच्या आयुष्यातली झाकलेली गोष्ट उघड करतात. पाच नवरे झाले, आता आहे तो नवरा नव्हे. आता ती पळून जाईल असे आपल्याला वाटते. ती पळते खरी, पण लपायला नव्हे. घागर तेथेच टाकून ती गावात जाते आणि माझे सारे जाणणारा एक जण भेटला, हे आनंदाने सांगत सुटते. आपले सारे कोणाला कळले तर माणसाला लाज वाटते. तिला मोकळे वाटले, कारण जाणणाऱ्याने तिला झिडकारले नव्हते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आठ वर्षांनंतरचा शोध

येथे गोष्ट संपली असती तर हा लेख आम्ही लिहिला नसता. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी इंग्लंडमध्ये अध्यापन केले. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या, व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या दुःखावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. नाव झाले, काम उभे राहिले, धर्मशास्त्राचा अभ्यास होताच. ख्रिस्ती सिद्धान्तांवर त्या वाँटेजच्या सिस्टरांशी आणि इंग्लंडच्या विद्वान धर्माधिकाऱ्यांशी पत्रांतून वाद घालत. पटल्याशिवाय त्या काहीही मान्य करत नसत. बुद्धी लखलखीत होती, हट्टही कमी नव्हता.

आणि तरी, बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर, आपल्याला धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही असे त्यांच्या ध्यानात आले. हे त्यांनी स्वतःच पुढे आपल्या आत्मकथनात कबूल केले आहे. आपली श्रद्धा डोक्यात आहे, तिच्यात जीव नाही, हे त्यांनी पाहिले. हे पाहायला त्यांना एका पुस्तकाची मदत झाली. ते विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचे आत्मवृत्त होते. हॅस्लम वर्षानुवर्षे लोकांना उपदेश करत होते, आणि १८५१ साली एका रविवारी व्यासपीठावरून बोलता बोलता त्यांचे स्वतःचेच परिवर्तन झाले. तोवर आपण दुसऱ्यांना जे वाढत होतो ते आपण स्वतः कधी चाखलेच नव्हते, हे त्यांना तेथे उमगले.

खरे सांगायचे तर ही हकिकत आम्हांला अस्वस्थ करते. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. देव आहे याची प्रमाणे काय, आत्मा म्हणजे काय, सद्सद्विवेकबुद्धी कशी काम करते, यावर उत्तरपत्रिका लिहिल्या आणि गुणही मिळवले. ते शिक्षण व्यर्थ नव्हते. पण आत्म्याविषयी लिहिणे वेगळे आणि आपला आत्मा देवापुढे उघडा करणे वेगळे. रोज वेदीवर उभा राहणारा माणूसही ती एक कुलूपबंद खोली वर्षानुवर्षे सांभाळू शकतो. आठ वर्षे रमाबाईंनी ती सांभाळली. फरक इतकाच की लक्षात आल्यावर त्यांनी ती लपवली नाही. प्रसिद्ध, पंडिता, संस्थाचालिका असूनही मला ख्रिस्त भेटला नव्हता असे उघड सांगायला किती नम्रता लागली असेल!

लोणावळ्याची सकाळ

१८९० नंतरच्या त्या वर्षांत आपल्या लोणावळ्यात उन्हाळ्यात प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचे प्रार्थना-मेळावे भरत. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात या गावाचे नाव लानोली असे आढळते. रमाबाई या मेळाव्यांना येत. अशाच एका मेळाव्यात त्यांनी प्रवचन देणाऱ्या मिशनऱ्याला गाठले आणि पवित्र आत्मा आपल्यात येण्याला आपल्याच आत कोणते अडथळे आहेत, असे विचारले.

हा प्रश्न जरा थांबून पाहावा. त्या दिवसांत दुसऱ्यांना दोष देण्यासारखे त्यांच्याकडे पुष्कळ होते. १८९३ साली पुण्यात त्यांच्यावर वादळ उठले होते. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा गवगवा झाला. वृत्तपत्रांनी टीका केली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करतो, कोणाला बोलावत नाही आणि कोणी आले तर हाकलतही नाही. खरे-खोटे कोणाचे किती, हे इतिहासकार पाहतील. पण लोणावळ्यात आल्यावर पुण्याचे लोक कोठे चुकले हे त्यांनी विचारले नाही. माझ्यात काय अडते आहे, हे विचारले. १३९व्या स्तोत्राची ती प्रार्थना हीच.

आणखी एका मेळाव्याला त्या आपल्या १५ मुलींना घेऊन आल्या होत्या. पहाटे उठून त्या रानात एकांतात गेल्या. तेथे त्यांनी सूर्योदय पाहिला. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची ती वेळ तुम्हांला ठाऊक आहे. दरीतले धुके वर चढत असते, आणि ऊन आले की अंधारात सारखेच दिसणारे दगड, झाडे, वाटा एकेक करून वेगळे दिसू लागतात. तेथे त्यांनी देवाकडे मागणे मागितले की या १५ मुलींच्या १५ पट, म्हणजे २२५ मुली, पुढच्या मेळाव्याच्या आत आपल्या पदरात घालाव्यात. इतक्या मुलींना राहायला जागा नव्हती की खायला घालण्यापुरता पैसा नव्हता. पण देवाला अशक्य काय, असे म्हणून त्यांनी ते मागणे लिहून ठेवले.

त्यानंतर १८९६-९७ चा मोठा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या ऐकून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. लहानपणी ज्या भुकेने आईवडील गिळले, तीच भूक त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींच्या तोंडावर पाहिली. त्यांनी सुमारे ३०० मुली व स्त्रिया सोडवून आणल्या. पुण्यात प्लेगमुळे बंधने आली, म्हणून त्यांना दौंड तालुक्यातील केडगावला आपल्या शेतजमिनीवर नेले. तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे सुमारे १९०० माणसे राहत होती. आजारी, उवांनी भरलेल्या, अत्याचार सोसलेल्या, कोणी विटाळ मानलेल्या, कोणी पतित ठरवलेल्या या मुली होत्या. पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन नावाचे वेगळे घर बांधले गेले. लहानपणी स्पर्शाला जपणारे हात आता त्या मुलींची केसांपासून पायांपर्यंत काळजी घेत होते.

येथे शुद्धतेचा खरा अर्थ कळतो असे आम्हांला वाटते. मळ लागू नये म्हणून दूर राहणे म्हणजे शुद्धता, असे आपण धरून चालतो. देवाने ज्याचे अंतःकरण तपासले, त्याला मात्र दुसऱ्याच्या मळाची भीती उरत नाही. आपल्यात काय आहे हे देवाने पाहिले आणि तरी जवळ घेतले, हे त्याला ठाऊक असते. मग कोणाला दूर ठेवायचे?

आयुष्याची अखेरची कित्येक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सामान्य बायकांना कळेल असे सोपे मराठी त्यांना हवे होते. छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले. म्हणजे ते १३९वे स्तोत्र त्यांनी शब्दाशब्दाने हाताखालून घातले. २४ जुलै १९२१ रोजी कामाची वारस ठरलेली मनोरमा आईच्या आधी गेली. तरी काम थांबले नाही. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावला देह ठेवला.

आता आपण काय करावे?

प्रिय भाविकांनो, रमाबाईंसारखी मोठी कामे आपल्या हातून होतील न होतील. पण लोणावळ्यात त्यांनी विचारलेला तो प्रश्न आपल्याला विचारता येईल. संत इग्नेशियस यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या शिकवल्या आहेत. आधी मिळालेल्या कृपेबद्दल देवाचे आभार मानावेत. मग आपले पाप दिसावे म्हणून प्रकाश मागावा. मग दिवस तासातासाने पाहावा. मग क्षमा मागावी. शेवटी उद्या सुधारण्याचा निश्चय करावा. यातली दुसरी पायरी आपण गाळतो. आपण आपल्याच कंदिलाने आत पाहतो, आणि तो कंदील आपल्याला हवा तेवढाच वर करतो. काही जण याच्या उलट करतात. स्वतःला रात्रंदिवस टोचत राहतात, क्षमा मिळाली तरी विश्वास ठेवत नाहीत. ते सुद्धा देवाला तपासू न देणेच होय. त्यांनी न्यायाधीशाची खुर्ची स्वतःच बळकावलेली असते.

आपल्या मावळात ती कुलूपबंद खोली कोठे असते, हे आम्हांला थोडेफार ठाऊक आहे. जमिनीला भाव आला आणि भावाभावांत बोलणे बंद झाले. बहिणीच्या हक्कसोडपत्रावर सही घेताना तिच्या डोळ्यांत पाहिले नाही. घरी किंवा बंगल्यावर कामाला येणाऱ्या बाईचे पैसे कापले. एखाद्या सुनेला सगळ्या घराने मिळून एकटे पाडले. हे आपल्या यादीत येत नाही, कारण ते आपल्याला पाप वाटत नाही, व्यवहार वाटतो. पहाटेच्या उन्हात दगड वेगळा दिसू लागतो, तसे हे दिसावे लागते.

म्हणून या आठवड्यात एक करू या. रांगेत उभे राहण्यापूर्वी दहा मिनिटे परमप्रसादापुढे गप्प बसू या. मोबाइल बंद ठेवू या. यादी करू नये. देवाला फक्त आत यायला सांगावे आणि तो कोणत्या दारापाशी थांबतो ते पाहावे. ज्या दारापाशी आपल्याला राग येईल किंवा घाईने उठावेसे वाटेल, बहुधा तेच ते दार. तेथून पापनिवेदनाला यावे. आम्हीही आधी ती दहा मिनिटे तेथेच बसून घेणार आहोत.

आपल्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, आणि भीमा पुढे केडगाव ज्या तालुक्यात आहे त्याच्या कडेने वाहते. रमाबाईंनी येथे मागितलेली प्रार्थनाही याच दिशेने गेली आणि तेथे शेकडो मुलींच्या घरात पोहोचली. आपली प्रार्थना कोठे पोहोचवायची हे देव पाहील.

प्रभू येशू, विहिरीवर त्या स्त्रीशी बोललास तसा आमच्याशी बोल. आम्ही झाकलेले तुला आधीच ठाऊक आहे, ते आम्हांलाही दिसू दे. जे दिसेल त्याने आम्ही खचून न जाता तुझ्या क्षमेकडे धावत यावे, आणि तू जवळ घेतलेल्यांना आम्ही दूर ठेवू नये, एवढी कृपा कर. आमेन.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू